किल्ली मिळाली, सापडली की भेटली?

संत्रानगरीकर:
आम्ही तिघं मित्र नागपूरच्या धरमपेठेत एकाच्या गच्चीवरच्या खोलीत, कूलरसमोर बसून, ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ या १९०२ सालच्या शेरलॉक होम्सच्या कादंबरीवर पॉइंट-अँड-क्लिक गेम करून राहिलो. गोष्ट इंग्लंडातच आहे, रामटेकला आणली नाही. भाषा तेवढी मराठी. चित्रं झाली, कोडी झाली, आता शब्दांपाशी गाडी अडली.

वस्तू हाती आली की पाटी येते. मी लिहिलं, ‘किल्ली भेटली’. पुण्याच्या मैत्रिणीनं खेळून पाहिलं आणि विचारलं, “मग काय म्हणाली किल्ली? बरी आहे ना?” आमच्याकडे पुस्तकं भेटतात, नोकरी भेटते, बर्डीवर स्वस्तात चपलाही भेटतात. पण गेममध्ये काय लिहावं?

दुसरं, ‘क्लू’ला काय म्हणावं? आणि ‘यूज’च्या बटणावर ‘वापर’ चालेल का?

व्याकरणवेडी:
‘भेटली’ला हसणाऱ्यांना हसू द्या, पण रहस्यकथेत तो शब्द खरंच नडेल. कोणी हातात दिली तर किल्ली *मिळते*. गालिच्याखाली दिसली तर *सापडते*. तपास करणाऱ्याला हा फरक कळलाच पाहिजे. तुमच्याच कादंबरीत हॉटेलातून सर हेन्रीचा नवा तपकिरी बूट जातो, मग जुना काळा जातो आणि तपकिरी कपाटाखाली *सापडतो*. तिथं ‘मिळाला’ लिहिलंत तर कोणीतरी आणून दिला असं वाटेल.

आणखी एक. एकच ठरीव वाक्य ठेवून नाव बदलत बसू नका. बूट सापडला, काठी सापडली, पत्र सापडलं. प्रत्येक वस्तूसोबत तिचं लिंग नोंदवून ठेवा.

तर्रीपोहे:
लिंगानं भागत नाही ताई. सामान्यरूपही ठेवा लागते. कुलूप, पण कुलपाला. बूट, पण बुटाला. कॉम्प्युटर नुसता ‘ला’ चिकटवते आणि ‘कुलूपला’ असं काहीतरी निघते. ते वाचून माझे मास्तर स्वर्गातून छडी घेऊन उतरतील.

जुना खेळाडू:
‘वापर’ नको. १९८७च्या ‘मॅनियॅक मॅन्शन’ या गेममध्ये पडद्यावर क्रियापदांची रांग होती: ढकल, ओढ, उघड, दे. हे सगळं आपण बोलतो. ‘किल्ली वापर’ असं मात्र घरात कोणी म्हणत नाही. आपण *लावतो*. कुलपाला किल्ली लाव, दिवा लाव, भिंग लावून बघ, दाराला कान लाव. शेवटी छडाही लावायचाच आहे. एका बटणात अख्खा गेम बसतो!

संत्रानगरीकर:
हे झकास आहे जी. आजच बदलतो.

व्याकरणवेडी:
आता ‘क्लू’. इंग्रजीत हा शब्द मुळात सुताच्या गुंडीचा. ग्रीक कथेत भूलभुलैयातून बाहेर यायला जी दिली होती ती. म्हणून त्यांच्या खेळांत क्लू उचलता येतो, खिशात टाकता येतो. आपल्याकडे ‘धागेदोरे’ आहेत, तेही सुताचेच, पण ते *हाती लागतात*. सुगावाही *लागतो*. माग काढतात. ‘मी तीन सुगावे गोळा केले’ हे वाक्य मला मराठी वाटत नाही. बूट थैलीत जाईल. सुगावा कसा जाईल?

संत्रानगरीकर:
यानं आमची रचनाच बदलली बघा. आधी बुटावर क्लिक केलं की ‘क्लू जमा’ अशी पाटी यायची. आता क्लिक केलं की बूट फक्त थैलीत जातो. ‘नवा बूट परत आला’ आणि ‘जुना गेला’ या दोन नोंदी खेळणाऱ्यानं वहीत जोडल्या, तरच ‘सुगावा लागला!’ येते. चोराला जुनाच का हवा होता ते इथं सांगत नाही, ज्यांनी वाचलं नाही त्यांची मजा जाईल.

मास्तरीणबाई:
गोष्ट घडते त्या उजाड ‘मूर’चं काय केलंत? माळ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मे महिन्यातलं वाळलेलं गवत येतं. डार्टमूर तर ओलं, धुक्याचं, आत माणूस गिळणारी दलदल.

संत्रानगरीकर:
‘माळरान’ ठेवलं, ओल चित्रात दाखवतो. खरी गोची धमकीच्या पत्रात आहे. शब्द वर्तमानपत्रातून कापून चिकटवलेत, एकटा ‘मूर’ शाईनं लिहिलाय, कारण तो छापील सापडला नाही. मराठीत ‘मूरपासून दूर राहा’ यातलं ‘पासून’ सुटं राहत नाही. म्हणून हातानं अख्खं ‘माळरानापासून’ लिहिलं. उलट बरंच झालं. असं रूप पेपरात शोधायला बसलात तर संध्याकाळ होईल.

तर्रीपोहे:
आणि कादंबरीतल्या त्या काठीवर कोरलेलं सी.सी.एच.? वॉटसनला शेवटचा ‘एच’ हंटचा वाटते, निघते हॉस्पिटलचा. ‘शिकारमंडळ’ आणि ‘रुग्णालय’ यांचं एक अक्षर तरी जुळते का?

संत्रानगरीकर:
नाही जुळत. ती अक्षरं तशीच ठेवली, काठीवरचं १८८४ हे सालही. सगळंच मराठी केलं पाहिजे असा हट्ट नाही.

मास्तरीणबाई:
बटणांवर ‘उघड’ की ‘उघडा’?

संत्रानगरीकर:
‘उघड’. खेळणारा वॉटसन आहे आणि होम्स त्याला अरेतुरे करतो. एका जागी मात्र मी हट्टानं आपलं रूप घातलं. वॉटसन डेव्हनला, म्हणजे डार्टमूरकडे, निघतो तेव्हा होम्स म्हणतो, “सगळं मला लिहून कळवजो.” ‘कळव’ म्हटलं तर आत्ताच कळवायचं. ‘कळवजो’ म्हणजे तिकडे गेल्यावर, आठवणीनं. मैत्रीण म्हणाली ‘कळवशील’ लिही. त्यात मला थोडी विनवणी ऐकू येते, आणि होम्स विनवणारा वाटत नाही.

जुना खेळाडू:
‘लाव’ कसं चाललंय?

संत्रानगरीकर:
एक घोटाळा झाला. किल्ली निवडून दारावर क्लिक केलं की ‘दाराला किल्ली लाव’, दार उघडते. किल्ली निवडायची राहिली की ‘दार लाव’, आणि ते बंद होते. काल वॉटसन चार वेळा स्वतःलाच कोंडून बसला. मित्र म्हणते दुरुस्त कर. मी म्हणतो राहू दे.