विषय: पाण्याचं बिल दुप्पट, गळती कुठेच दिसत नाही

प्रेषक: मृ. के.

नमस्कार मंडळी,

या वेळचं पाण्याचं बिल बघून शेजाऱ्यांचा पाइप आमच्या मीटरला जोडलाय की काय अशी शंका आली. एरवी महिन्याला 18 युनिटच्या आसपास असतं, यंदा 37 (आमच्याकडे एक युनिट म्हणजे 1000 लिटर). माणसं तीच, पाहुणे नाहीत, बागही नाही. नळ ठिबकत नाही, सिंकखाली कोरडं, भिंतींना ओल नाही.

एक प्लंबर येऊन गेला. त्याने उभ्या उभ्या सांगितलं की लादीखालचा पाइप गेला असणार, फोडून बघावं लागेल. त्याला हो म्हणण्याआधी म्हटलं आपल्या मेलच्या यादीवर विचारावं. कोणी यातून गेलंय का?

मृ. के.

---

प्रेषक: रो. पा.

ताई, माझं मत विचाराल तर मीटरच गंडलंय. सरळ तक्रार ठोका आणि मीटर बदलून मागा. आणि बिलावर रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं आहे की अंदाजे, तेही बघा. मागचे काही महिने अंदाजे कमी धरलं असेल तर प्रत्यक्ष रीडिंग घेतल्यावर सगळा फरक एकाच बिलात येतो.

---

प्रेषक: द. वि.

मृ.ताई, लादीला हात लावू देऊ नका.

रो., तुझा दुसरा मुद्दा बरोबर आहे, तो आधी तपासायचा. पहिला मात्र पटत नाही. मी पाणीपुरवठ्यातच नोकरी केली. आत चक्र फिरणारं जुनं मीटर झिजलं की बहुतेक वेळा कमी मोजतं, जास्त नाही. तेव्हा मीटरवर संशय सगळ्यात शेवटी.

गळती डोळ्यांनी शोधायला गेलं की माणूस भिंती चाचपत बसतो. आपल्याकडे मोजायचं यंत्र फुकट बसवलेलं आहे, ते वापरा. आधी हिशेब: 19 युनिट जास्त म्हणजे 19,000 लिटर. भागिले 30 दिवस, दिवसाला साधारण 630 लिटर, तासाला 26. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. सापडलेल्या गळत्यांची बेरीज याच्या जवळ येत नाही तोवर शोध संपला असं समजायचं नाही.

आता रात्री सगळे झोपल्यावर, वॉशिंग मशीन, डिशवॉशर सगळं बंद असताना मीटरचं झाकण उघडा. काळे आकडे घनमीटरचे, लाल आकडे लिटरचे, निदान बहुतेक मीटरवर तरी. शिवाय एक छोटी चांदणी किंवा त्रिकोण असतो, तो अगदी बारीक धारेलाही फिरतो. रीडिंग लिहा, दोन तास कोणी फ्लशही करायचा नाही, परत लिहा.

मग घराचा मेन व्हॉल्व्ह बंद करा. जुने व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत, म्हणून बंद केल्यावर एक नळ उघडून बघा; धार पूर्ण तुटली पाहिजे. एवढं करूनही चांदणी फिरत असेल तर गळती मीटर आणि घर यांच्यामधल्या जमिनीखालच्या पाइपात. थांबली तर घराच्या आत. या एका परीक्षेने अर्धं घर बाद होतं.

दोन्ही रीडिंग इथे कळवा, पुढचं मग सांगतो.

द. वि.

---

प्रेषक: शु. ना.

काकांनी सांगितलेलं करालच, पण माझी पैज फ्लशवर. आमच्याकडे तोच चोर निघाला होता आणि त्याचा आवाजसुद्धा येत नव्हता.

टाकीच्या तळाशी रबरी झडप असते, फ्लॅपर म्हणतात तो. तो कडेला कडक झाला की पाणी कमोडच्या मागच्या भिंतीवरून पातळ पापुद्र्यासारखं उतरत राहतं आणि पांढऱ्यावर दिसत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाका, पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की झालं. टाकीत निळी गोळी टाकत असाल तर ही परीक्षा फसते, पाणी आधीच रंगीत असतं. तेव्हा भांड्याची मागची बाजू कोरडी पुसून तिथे टिश्यूचा कागद चिकटवा. भिजला तर गळतंय. (क्लोरीनवाल्या गोळ्या त्या रबराला खातात, हेही जाता जाता. वासासाठी टाकतो आणि झडप घालवतो.)

आणि टाकीत उभी ओव्हरफ्लोची नळी बघा. पाणी तिच्या तोंडाच्या बोटभर खाली थांबलं पाहिजे. तोंडाशी येऊन आत सांडत असेल तर फ्लॅपर ठीक, टाकी भरणारा वरचा फ्लोटचा व्हॉल्व्ह बंद होत नाहीये. लोक नेमका उलटा भाग बदलतात आणि परत दुकानात जातात.

शु.

---

प्रेषक: मृ. के.

काका, रीडिंग घेतलं. दोन तासांत 53 लिटर! म्हणजे तासाला साडेसव्वीस, तुमच्या 26 च्या अगदी जवळ. मेन व्हॉल्व्ह बंद केल्यावर चांदणी जागच्या जागी थांबली. गळती घरातच.

शु.ताई, तुमची पैज अर्धी जिंकली. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या भांड्यात रंग उतरला. फ्लशचा अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा छोटा कॉक) बंद केला आणि पुन्हा दोन तास लावले. 53 वरून 22 लिटर. म्हणजे तासाला साधारण 15 फ्लशचे, पण 11 अजून कुठेतरी जाताहेत. बाकीच्या दोन्ही फ्लशचे कॉक बंद केले तरी तेच. आता काय, लादी?

---

प्रेषक: रो. पा.

मीटर निर्दोष सुटलं, मान्य. पण तासाला 11 लिटर म्हणजे किती बारीक गळती असेल?

---

प्रेषक: द. वि.

रो., तुझ्या प्रश्नाचं आधी. दीड मिलिमीटरचं भोक आणि साधारण 4 बार दाब धर, दिवसाला अडीच हजार लिटरच्या वर पाणी जातं. ताईंचं 11 गुणिले 24 म्हणजे 264. तेव्हा हे भोकही नाही, सुईच्या टोकाएवढी फट म्हण. उलट टोकाला सेकंदाला एक थेंब ठिबकणारा नळ दिवसाला वीस-तीस लिटर घालवतो. त्रास देतो, पण 630 लिटरचं बिल त्याने येत नाही. लोक ठिबकत्या नळाला शिव्या देत बसतात आणि मुकाट गळणारी टाकी बिल वाढवत राहते.

मृ.ताई, लादी अजून नाही. आता घर गरम आणि गार असं दोन भागांत तोडायचं. वॉटर हीटर आधी बंद करा (गॅस असो की वीज), मग त्याच्यात जाणाऱ्या गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि मीटर बघा. चांदणी थांबली तर गळती गरम बाजूला. फिरत राहिली तर गार बाजूला: सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) असेल तर त्याचा बायपास लावा, म्हणजे पाणी त्याला वगळून जाईल, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर असेल तर त्याचा कॉक बंद करा. सॉफ्टनर धुण्याच्या फेरीत अडकला की ड्रेनच्या नळीतून रात्रंदिवस पाणी जातं. आरओची टाकी भरल्यावर पाणी तोडणारा व्हॉल्व्ह बिघडला तरी तेच होतं. दोन्हींचं पाणी थेट ड्रेनमध्ये, जमिनीवर थेंब नाही.

प्रत्येक वेळी एकच कॉक फिरवा आणि मीटर बघा. दोन एकदम फिरवलेत तर कोणी थांबवलं ते कळणार नाही.

आणि गरम बाजू निघाली तर प्लंबरला बोलवण्याआधी हीटरवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची (दाब किंवा तापमान फार वाढलं की पाणी सोडतो तो) खाली जाणारी नळी हाताने चाचपा. जपून, कढत असू शकते. कोणी गरम पाणी वापरलेलं नसताना ती कोमट लागली, तर मला लगेच लिहा.

लादीखालचा गरम पाइप गळत असेल तर त्याच्याही खुणा असतात: एका ठिकाणी फरशी कोमट लागते, हीटर विनाकारण पेटत राहतो, गॅसचं किंवा विजेचं बिलही चढतं. तुमच्या प्लंबरने यातलं काही तपासलं का?

---

प्रेषक: (यादीचा सभासद)

कृपया माझं नाव या यादीतून काढावे.

---

प्रेषक: संयोजक

प्रत्येक मेलच्या तळाशी नाव काढायची लिंक आहे. सगळ्यांना उत्तर पाठवू नये ही विनंती. मृ.ताई, तुमचं चालू द्या, अर्धी यादी निकालाची वाट बघतेय.

---

प्रेषक: मृ. के.

काका, तुम्ही इथूनच माझ्या घरात बघताय की काय?

हीटरचा गार व्हॉल्व्ह बंद केला, चांदणी थांबली. उघडला, फिरायला लागली. दोनदा करून बघितलं. फरशी अनवाणी सगळीकडे फिरून पाहिली, कुठेच कोमट नाही. मग ती नळी चाचपली. चांगलीच गरम! ती हीटरच्या मागून भिंतीत जाते आणि थेट ड्रेनला मिळते, म्हणून बाहेर काही दिसलंच नाही. कान लावला तर बारीक सूंऽऽ असा आवाज येतोय.

आणि हो, गॅसचं बिल काढून बघितलं. तेही वाढलंय, पण थंडी आहे म्हणून कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

15 आणि 11 मिळून 26. हिशेब जुळला. ती नळी तात्पुरती बूच लावून बंद केली तर चालेल का?

---

प्रेषक: द. वि.

नाही! ते बूच कधीही लावायचं नाही. टाकीत दाब किंवा तापमान हाताबाहेर गेलं तर तेवढीच एक सुटकेची वाट असते. ती बंद केलेली टाकी फुटू शकते. व्हॉल्व्ह बदलेपर्यंत हीटर आणि त्याचा गार व्हॉल्व्ह दोन्ही बंद ठेवा, गरज असेल तेवढ्यापुरतेच उघडा.

हा व्हॉल्व्ह जाणकाराकडूनच बदलून घ्या आणि त्याला दाबही मोजायला सांगा. बाहेरच्या नळाला लावायचा गेज मिळतो, तुम्हीही मोजू शकता. 3 ते 4 बार छान. साडेपाचच्या वर असेल तर मेनवरचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह निकामी झालाय किंवा बसवलेलाच नाही. रात्रीही मोजा, कारण वस्तीचा वापर कमी झाला की लाइनमधला दाब चढतो. दिवसाचा आकडा बघून लोक निर्धास्त होतात.

आणखी एक. पाणी तापलं की फुगतं. 200 लिटरची टाकी गारपासून 60 अंशांपर्यंत तापवली तर तीन लिटरच्या वर पाणी वाढतं. लाइनला उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असेल तर ते पाणी मागे जाऊ शकत नाही, त्यासाठी हीटरजवळ छोटी एक्स्पान्शन टँक लावतात, म्हणजे वाढलेलं पाणी सामावून घेणारी, आत हवा भरलेली टाकी. तिच्यातली हवा गेली की सगळा भार सेफ्टी व्हॉल्व्हवर येतो. पण तुमचं गळणं सतत आहे. फुगलेल्या पाण्याचं गळणं तापण्यापुरतं येतं आणि थांबतं. तेव्हा व्हॉल्व्हच्या बैठकीत क्षार किंवा कचरा अडकून तो नीट बसत नसणार. तरी टँकही तपासून घ्या, नाहीतर नवा व्हॉल्व्हही काही महिन्यांत तसाच होईल.

फ्लॅपर तुम्ही स्वतः बदलू शकाल. जुना काढून दुकानात सोबत न्या, मापं वेगवेगळी असतात. साखळी फार सैल ठेवू नका, झडपेखाली अडकते.

शेवटचं बिलाबद्दल. अनेक ठिकाणी सांडपाण्याचा आकार पाण्याच्या वापरावरूनच लावतात, म्हणून गळती बिलात दोनदा लागते. दुरुस्तीची पावती आणि आधीचं-नंतरचं रीडिंग जोडून सवलतीचा अर्ज करा. काही ठिकाणी फक्त जमिनीत मुरलेल्या पाण्याची सवलत देतात, तुमचं पाणी ड्रेनमध्ये गेलंय, तेव्हा नियम विचारून घ्या. अर्ज करायला काही जात नाही.

---

प्रेषक: रो. पा.

काका, रात्री मी पण आमचं मीटर बघितलं. कोणी काही वापरत नाही, तरी चांदणी हळूहळू फिरतेय. आमच्याकडे लॉनचे स्प्रिंकलर आहेत, मेन बंद केल्यावरही थांबत नाही.

---

प्रेषक: द. वि.

स्प्रिंकलरची लाइन बहुतेक मेन व्हॉल्व्हच्या आधीच वेगळी काढलेली असते, म्हणून थांबत नसेल. तिचा स्वतःचा व्हॉल्व्ह शोध, हिरव्या झाकणाखाली असतो. तो बंद करून मीटर बघ, आणि नवा विषय काढून लिही, ताईंच्या धाग्यात हरवेल.