मदत हवी आहे: कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवले, पण सेल्फ मारताना इंजिन पकडत नाही

अर्धा_पाना
नमस्कार. जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर काढून त्या जागी थ्रॉटल बॉडीतच (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या भागातच) इंजेक्टर असलेला तयार संच बसवला आहे. जोडणीत तीन रविवार गेले आणि चौथा नुसता सेल्फ मारण्यात गेला. पंप चालतो, पेट्रोल येते, प्लगला ठिणगी आहे, बॅटरी नवी आहे. तरीही इंजिन पकडत नाही. सेल्फ कितीही वेळ मारला तरी आतून काहीच प्रतिसाद मिळत नाही, आणि मी कंटाळून किल्ली सोडली की नेमके त्या क्षणी एकदा ‘भक्’ असा आवाज होऊन सारे शांत होते. माहितीपुस्तिकेतील सर्व पायऱ्या मी क्रमाने पार पाडल्या आहेत, तेव्हा ‘पुस्तिका वाचा’ हा सल्ला कृपया कोणी देऊ नये. सुरू होताना इंजेक्टरने अधिक पेट्रोल सोडावे यासाठी कोणता आकडा वाढवावा, एवढेच मला हवे आहे.

तेलकट_बाही
आकडा वाढवण्यापूर्वी काही गोष्टी कळल्या तर बरे होईल. गाडी कोणती आणि कोणत्या सालची आहे? इग्निशन पॉइंटचे (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या यांत्रिक संपर्कांचे) आहे की इलेक्ट्रॉनिक? इंजेक्टरपाशी पेट्रोलचा दाब प्रत्यक्ष मोजला आहे का? आणि ईसीयूला, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या संगणकाला, इंजिनच्या फेऱ्यांचा संकेत कुठून मिळतो? ‘जुनी गाडी’ एवढ्या वर्णनावरून आम्ही केवळ तर्क करू शकतो.

डॅशपॉट
काढलेला कार्ब्युरेटर एसयू कंपनीचा असेल, तर आपण तो का काढला हे मला खरोखर समजलेले नाही. त्यात एक वरखाली होणारा पिस्टन, एक निमुळती सुई आणि पिस्टनची हालचाल संथ ठेवणाऱ्या डॅशपॉटमध्ये थोडे तेल, एवढाच संसार असतो. हवा जितकी ओढली जाईल तितका पिस्टन उचलला जातो आणि सुई त्या प्रमाणात पेट्रोलला वाट देते. माझ्या गाडीवर असा कार्ब्युरेटर अनेक वर्षे आहे आणि हिवाळ्यात चोक ओढण्यापलीकडे मी त्याला हात लावलेला नाही. परत बसवा, दोन तासांचे काम आहे.

अर्धा_पाना
डॅशपॉट, कार्ब्युरेटर ठेवावा की काढावा हा माझा प्रश्नच नाही. घाटात त्याची सुई अडकल्यामुळे मी एकदा दीड तास बसून काढला आहे, तो विषय माझ्यापुरता संपला.

तेलकट_बाही, गाडी 1978ची मिनी आहे, इंजिन 1275 सीसी, चार सिलिंडर. पॉइंट मूळचेच आहेत. फेऱ्यांचा संकेत ठिणगीच्या कॉइलच्या ऋण टोकावरून घेतला आहे. दाब 3 बार आहे आणि किल्ली फिरवल्यावर पंप दोन सेकंद चालून थांबतो, म्हणजे पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणेच. पेट्रोलमध्ये दोष नाही, असलाच तर ते कमी पडत असावे. मला तो आकडा कोणी सांगेल का?

चार_इंजेक्टर
मुळात एकाच थ्रॉटल बॉडीतून चारही सिलिंडरना पेट्रोल पाजणे हा अर्धवट उपाय आहे. बॉशची डी-जेट्रॉनिक 1967 साली फोक्सवॅगनच्या 1600 वर आली, तेव्हाही तिला प्रत्येक सिलिंडरमागे एक इंजेक्टर होता. आपणही प्रत्येक पोर्टवर (हवा आत येण्याच्या दारावर) एक याप्रमाणे चार इंजेक्टर बसवावेत, क्रँकच्या पुलीवर इंजिनची स्थिती ओळखण्यासाठी 36 वजा 1 दात्यांचे (36पैकी एक दाता गाळलेले) चक्र लावावे आणि पॉइंटना निरोप द्यावा. हिशेब सोपा आहे. साठ अश्वशक्तीच्या इंजिनाला अश्वशक्तीमागे ताशी अर्धा पौंड पेट्रोल धरले तर ताशी 30 पौंड होते. इंजेक्टर ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहू नये म्हणून त्याला 0.8ने भागले की 37.5 पौंड, म्हणजे मिनिटाला सुमारे 394 सीसी. ते चौघांत वाटले की प्रत्येकी साधारण 100 सीसी.

तेलकट_बाही
चार_इंजेक्टर, आपला गुणाकार बरोबर आहे, पण तो चुकीच्या इंजिनाचा आहे. मिनीच्या या ए-सीरीज इंजिनाच्या हेडमध्ये चार सिलिंडरना मिळून आत येण्याची दोनच दारे आहेत: एक पहिल्या-दुसऱ्याचे आणि एक तिसऱ्या-चौथ्याचे. चार पोर्टच नाहीत, तर चार इंजेक्टर कुठे बसवणार? शिवाय ठिणगीचा क्रम 1-3-4-2 असल्यामुळे एका दाराने आधी आतला सिलिंडर (दुसरा किंवा तिसरा) ओढतो आणि त्याच्या पाठोपाठ अर्ध्या फेरीच्या अंतराने बाहेरचा (पहिला किंवा चौथा). दाराशी साचलेले पेट्रोल आतला पिऊन टाकतो आणि बाहेरच्याच्या वाट्याला नुसती हवा येते. म्हणूनच कारखान्याने 1991 साली या इंजिनाला इंजेक्शन दिले ते एका इंजेक्टरचे, आणि 1996 साली सुधारणा केली तीही चार नव्हे, दोन इंजेक्टर लावून आणि त्यांच्या फवाऱ्याची वेळ काटेकोरपणे सांभाळून.

चार_इंजेक्टर
दोन इंजेक्टर चालतात, म्हणजे तत्त्व मान्य झाले. मी फक्त संख्येत चुकलो.

मीटरवाला
तत्त्वाचा निकाल नंतर लावता येईल, आज यांची गाडी सुरूच होत नाही. अर्धा_पाना, मला दोनच गोष्टी सांगा. सेल्फ फिरत असताना संचासोबतच्या छोट्या पडद्यावर किती आरपीएम दिसतात? आणि चार-पाच प्रयत्नांनंतर प्लग काढले तर ते कोरडे असतात की ओले?

अर्धा_पाना
प्लग ओले आहेत. सेल्फ मारताना पडद्यावर काहीच दिसत नाही, कारण तेवढा वेळ तो विझतो आणि किल्ली सोडली की पुन्हा उजळतो. सेल्फ मारताना हेडलाइटही मंदावतात, तसेच हे असणार असे समजून मी ते लिहिले नव्हते.

मीटरवाला
सगळे उत्तर आपण न लिहिलेल्या त्याच वाक्यात होते. मंदावणे वेगळे आणि विझणे वेगळे. पडदा विझतो याचा अर्थ सेल्फ फिरत असताना ईसीयू झोपलेला असतो. तो फेऱ्या मोजत नाही, इंजेक्टर उघडत नाही आणि पंपही चालवत नाही. आपण किल्ली सोडता तेव्हा इंजिन आपल्या गतीने अजून अर्धी-पाऊण फेरी फिरत असते. त्याच क्षणी ईसीयू जागा होतो, सुरुवातीचा एक फवारा सोडतो, त्याला ठिणगी सापडते आणि ‘भक्’ होते. प्रत्येक प्रयत्नात असा एकेक फवारा साठत गेल्यामुळे प्लग ओले झाले आहेत. आपण म्हणता तो आकडा वाढवला असता, तर सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरले असते. ऑइलची पट्टी काढून एकदा वास घेऊन पाहा.

आता सांगा, किल्लीवर चालणारी ईसीयूची वायर आपण कशाला जोडली आहे, आणि पडदा किल्लीच्या कितव्या खाचेत उजळतो?

अर्धा_पाना
पहिल्या खाचेत. वायर रेडिओच्या वायरला जोडली आहे. ती हाताशी होती आणि किल्ली फिरवल्यावर तिच्यात 12 व्होल्ट येतात, हे मी टेस्टर लावून पाहिले होते.

मीटरवाला
टेस्टर खोटे बोलला नाही, आपण त्याला विचारले चुकीच्या वेळी. पहिली खाच रेडिओसारख्या उपकरणांची असते आणि सगळी वीज सेल्फला मिळावी म्हणून किल्ली सेल्फच्या खाचेत गेली की ती मुद्दाम तोडली जाते. ईसीयूला अशी वायर हवी, जी दुसऱ्या खाचेत जिवंत होते आणि सेल्फ फिरत असतानाही जिवंत राहते. मीटरचे ऋण टोक इंजिनाला लावा, धन टोक त्या वायरला लावा आणि दुसऱ्या कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. आकडा त्याच वेळी वाचायचा.

जुना_वायरमन
एवढा खटाटोप कशाला? कॉइलच्या धन टोकावरून वायर घ्यावी. ठिणगीसाठी कॉइलला सेल्फ मारतानाही वीज लागतेच, तेव्हा ती तिथे असणारच. मी अशा कितीतरी जोडण्या केल्या आहेत.

मीटरवाला
आपला अनुभव मी नाकारत नाही, पण ही जागा या गाडीत घातक ठरू शकते. त्या काळच्या अनेक पॉइंटवाल्या गाड्यांत कॉइलला मुद्दाम रोध असलेल्या वायरमधून वीज दिली जाते. सेल्फ मारताना सोलेनॉइडवरून (सेल्फला वीज जोडणाऱ्या स्विचवरून) वेगळी वायर कॉइलला बॅटरीची पूर्ण वीज देते आणि इंजिन सुरू झाले की कॉइल पुन्हा रोधामागे जाऊन कमी व्होल्टवर चालते. तिथून ईसीयूला वीज दिली तर आजच्या नेमके उलटे होईल: गाडी लगेच सुरू होईल, आपण सारे एकमेकांचे अभिनंदन करू आणि ती चालता चालता मनाला येईल तेव्हा बंद पडेल. शिवाय पॉइंट उघडझाप करताना त्या टोकावर विजेचा जो गोंगाट असतो, तो ईसीयूच्या दाराशी नेऊन ठेवण्यात शहाणपण नाही.

या गाड्यांच्या वायरिंगला वापरलेल्या लुकास कंपनीच्या रंगसंकेतात पांढरी वायर म्हणजे इग्निशनची फ्यूजआधीची वीज. फ्यूजबॉक्सपाशी पांढरी शोधा, तिच्यावरून लहान फ्यूज घालून फक्त एक रिले (थोड्या विजेवर चालणारा स्विच) चालवा, आणि ईसीयूची ती वायर त्या रिलेमार्फत थेट बॅटरीला जोडा. जुन्या इग्निशन स्विचच्या झिजलेल्या पत्र्यावर नवा भार टाकू नका.

जुना_वायरमन
रोधाची वायर असेल तर माझा सल्ला मागे घेतो. नसेल तर तो अजूनही बरोबर आहे.

तेलकट_बाही
वायरचा प्रश्न मार्गी लागतो आहे, तोवर पेट्रोलची नळी कोणती वापरली आहे तेही सांगा. जुना यांत्रिक पंप जेमतेम 0.2 ते 0.3 बार दाब देत होता. आता त्याच्या दहापट दाब आहे.

अर्धा_पाना
टाकीपासून पुढे नवा धातूचा पाइप टाकला आहे. शेवटचा हातभर तुकडा कार्ब्युरेटरचाच रबरी पाइप आहे, तो चांगल्या स्थितीत आहे. बॉनेट उघडल्यावर थोडा वास येतो, पण जुन्या गाड्यांना तो असतोच.

तेलकट_बाही
तो तुकडा बदलल्याशिवाय कृपया किल्लीला हात लावू नका. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, इंजिन आणि बसण्याच्या जागेमधल्या पत्र्याकडे तोंड करून असतात, म्हणजे आपला तो हातभर रबर तापलेल्या एक्झॉस्टच्या बरोबर वर लोंबतो आहे. नळीच्या अंगावर छापलेले वाचा. कार्ब्युरेटरच्या नळीवर बहुधा जे30आर7 असते. इंजेक्शनसाठी जे30आर9 लागते. क्लिपही बदला, कारण पट्टीला भोके असलेली नेहमीची स्क्रूची क्लिप आवळताना रबर कापते. इंजेक्शनच्या क्लिपची पट्टी आतून गुळगुळीत आणि कडा दुमडलेली असते.

डॅशपॉट
0.2 बारवर हे प्रश्नच उद्भवत नव्हते, एवढेच नमूद करतो.

अर्धा_पाना
काल आणि आज मिळून सगळे केले. आधी मोजमाप: सेल्फ फिरत असताना बॅटरीवर 10.3 व्होल्ट, रेडिओच्या वायरवर शून्य, पांढऱ्या वायरवर 10.1. कॉइलच्या वायरवर कापडी वेष्टणाखाली रोधाची वायरच निघाली, म्हणून जुना_वायरमन यांची वाट सोडली. रबरी तुकडा वाकवून पाहिला तर क्लिपच्या काठाशी गोल चीर पडलेली होती आणि बोटाला पेट्रोल लागले. तो वास जुन्या गाडीचा नव्हता. ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास आल्यामुळे ऑइल बदलले, प्लग वाळवले, रिले बसवला. सेल्फ मारताना पडदा उजळलेला राहिला, त्यावर 210 आरपीएम दिसले आणि तिसऱ्या प्रयत्नात गाडी सुरू झाली. सेटिंगमधला एकही आकडा बदललेला नाही.

गाडी 40 किलोमीटर चालवून प्लग काढले. दुसरा आणि तिसरा काळसर, पहिला आणि चौथा जवळजवळ पांढरे. आयडलिंगही मधूनच चढते. आता चार_इंजेक्टर यांचे दोन इंजेक्टर लावावे लागतील का?

चार_इंजेक्टर
मी सांगितलेच होते.

तेलकट_बाही
इतक्यात नको. थ्रॉटल बॉडी वर असताना पेट्रोल दारापर्यंत येण्याआधीच हवेत मिसळते, त्यामुळे एवढा फरक सहसा पडू नये; आणि आयडलिंग चढते आहे म्हणजे कुठूनतरी हवा शिरते आहे. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर चारही सिलिंडरची सरासरी सांगतो, त्यामुळे त्याच्या आकड्यावर विसंबून ईसीयूमधले पेट्रोलचे टेबल दुरुस्त करत बसलात तर बाहेरचे दोन सुधारतील आणि आतले दोन आणखी काळे होतील. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच गॅस्केटवर बसतात आणि मधले जाड वॉशर दोघांच्या कडा एकत्र दाबतात. संचासोबत आलेल्या नव्या इनलेटची कड एक्झॉस्टच्या कडेपेक्षा पातळ असेल, तर वॉशर एक्झॉस्टवर टेकतो आणि इनलेट सैल राहते. इंजिन थंड असताना दोन्ही कडा व्हर्नियरने मोजा.

अर्धा_पाना
मोजल्या. इनलेटची कड 0.8 मिमीने पातळ आहे. एका वॉशरवर फक्त अर्ध्या भागात दाबाची खूण उमटली आहे, उरलेला अर्धा कोरा आहे. पायरी पाडलेले वॉशर लेथवर करून घ्यायला दिले आहेत.