विषय: गणपतीच्या जेवणाचा कचरा आणि दिवाळीची तयारी

नमस्कार मंडळी,

इथे कॅलिफोर्नियात आपला गणेशोत्सव छान झाला. आरतीला हॉल भरला, मोदक शेवटपर्यंत पुरले. पण काल विद्यापीठाच्या हॉलच्या ऑफिसातून पत्र आलं. आपल्या कार्यक्रमाच्या निळ्या डब्यांतल्या सगळ्या पिशव्या रिसायकलिंगला न जाता डेपोत गेल्या आणि जादा सफाईचे पैसे आपल्या डिपॉझिटमधून कापले आहेत. पैशांपेक्षा वाईट याचं वाटलं की निळे डबे आपण मुद्दाम मागून घेतले होते, पोरांनी त्यावर चित्रं काढून चिकटवली होती. दादा, तुम्ही कॅम्पसच्या कचरा विभागात आहात. काय चुकलं ते सांगाल का? दिवाळीला तोच हॉल घेतलाय.

– सचिव

---

ताई, नमस्कार.

सोमवारी सकाळी मी मालधक्क्यावर होतो, त्या पिशव्या मी पाहिल्या. एक तर उघडूनच बघितली. वर सोड्याचे कॅन, पाण्याच्या बाटल्या, केटररची पुठ्ठ्याची खोकी, सगळं एक नंबर. खाली मात्र वरण-भात उरलेल्या कागदी प्लेटा. वरण पाझरून पुठ्ठा इतका भिजला होता की उचलायला गेलो तर हातात लगदा आला. प्लास्टिकच्या वाट्यांना श्रीखंड तसंच चिकटलेलं.

आता रात्री काय होतं ते सांगतो. सफाई कामगाराला एका मजल्यावरचे पन्नासेक डबे रिकामे करायचे असतात. पिशवी उचलल्यावर जड लागली, तळाशी ओल दिसली, की तो ती डेपोत जाणाऱ्या काळ्या डब्यात टाकतो. त्याला तसंच सांगितलेलं आहे आणि ते योग्यच आहे. एक ओली पिशवी मोठ्या कंटेनरमध्ये गेली तर बाकीच्यांचा कोरडा कागदही वाया जातो.

कंटेनर पुढे छाननीच्या कारखान्यात जातो. तिथे पट्ट्यावरून माल सरकतो, लोहचुंबक लोखंडी पत्र्याचे डबे ओढून घेतं, ॲल्युमिनियमचे कॅन दुसरं यंत्र बाजूला उडवतं, प्लास्टिक कोणतं ते कॅमेरा ओळखतो आणि हवेच्या फुंकरीने वेगळं पाडतो. पण वरण लागलेला कागद कुठलंच यंत्र धूत नाही. पातळ पिशव्या तर फिरणाऱ्या चकत्यांना गुंडाळतात. मग सगळं थांबवून माणसं आत उतरतात आणि सुरीने कापून काढतात. म्हणून हात जोडून सांगतो, निळ्या डब्यात कॅरीबॅग कधीही नको.

पूर्वी एवढी कडक तपासणी नव्हती, कारण इथला पुष्कळसा मिश्र कागद आणि प्लास्टिक चीन घेत असे. १ जानेवारी २०१८ पासून त्यांनी २४ प्रकारचा कचरा घेणं बंद केलं आणि त्याच वर्षी मार्चपासून उरलेल्या मालात भेसळीची मर्यादा अर्धा टक्का ठेवली. शंभर किलोत अर्धा किलो! तेव्हापासून एका प्लेटीतलं वरणसुद्धा हिशेबात येतं.

पण ताई, आपली खरी चूक निळ्या डब्याची नाहीच. ओल्या कचऱ्याचा हिरवा डबा आपण मागितलाच नव्हता. आपला कार्यक्रम म्हणजे जेवण, आणि वजनाने बघितलं तर आपला बराचसा कचरा अन्नच. डेपोत ते हवेशिवाय कुजतं आणि मिथेन सुटतो. म्हणून कॅलिफोर्नियाने २०१६ साली कायदा केला आणि १ जानेवारी २०२२ पासून ओला कचरा वेगळा करणं बंधनकारक झालं. उरलेलं अन्न, केळीची पानं, हारातली फुलं (दोरा आणि जरी काढून) हे सगळं हिरव्यात. करवंट्या वेगळ्या ठेवा, त्या कुजायला फार वेळ घेतात. आणि 'कंपोस्टेबल' लिहिलेले पारदर्शक पेले कृपया आणू नका. दिसतात बाटलीच्या प्लास्टिकसारखे, पण निळ्यात चालत नाहीत आणि आमचा कंपोस्टवालाही घेत नाही.

– कचरा विभागातला

---

दादांनी चांगलं सांगितलं. पण मी स्वतः पाहिलंय की सकाळी एकच ट्रक येतो आणि निळं-काळं दोन्ही त्यातच ओततो. मग आपण एवढा आटापिटा का करायचा?

– जुना सभासद

---

काका, तुम्ही पाहिलंत ते खरं आहे. आमच्या एका ट्रकच्या पोटात मधे पडदी आहे, दोन्ही बाजूंचा माल वेगळा राहतो, बाहेरून ते कळत नाही. पण ज्या दिवशी निळं भिजलेलं असतं त्या दिवशी खरोखरच दोन्ही एकत्र जातं, हेही लपवत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं. अकरा वर्षं हेच काम करतोय.

– कचरा विभागातला

---

मंडळी,

पुण्याला आमच्या सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या ताई सुक्यात ओलं दिसलं की दारातच सांगायच्या, "वहिनी, हे माझ्या हाताला लागतं." एकदा ऐकल्यावर मी पुन्हा कधी मिसळलं नाही. त्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या. त्यामागची कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ साली उभी राहिली ती एसएनडीटी विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाच्या कामातून. विद्यापीठ आणि कचरा यांचं नातं आपल्याला नवं नाही.

मला वाटतं, पोरांच्या चित्रांपेक्षा डब्यापाशी माणूस हवा. मी उभी राहते. आणि प्लेटा विकत कशाला? प्रत्येकाने घरून ताट, वाटी, भांडं आणावं. हळदीकुंकवाला आपण आणतोच की.

– काकू

---

काकू, मी वसतिगृहात राहतो. आम्ही पाच-सहा जण तुमच्याबरोबर उभे राहू, अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या लावू. कॅन आणि बाटल्या वेगळ्या पोत्यात द्याल का? रिकामे परत दिले की लहानाला पाच सेंट आणि २४ औंस किंवा त्याहून मोठ्या बाटलीला दहा सेंट परत मिळतात. गेल्या सत्रात त्यातून आम्ही आमच्या फूड पँट्रीला, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना फुकट धान्य-जेवण देणाऱ्या केंद्राला, तांदूळ घेतले.

– विद्यार्थी

---

नमस्कार मंडळी,

दिवाळीसाठी ठरलं ते असं. दोन हिरवे डबे मी आजच मागवते. ताट-वाटी घरून, विसरणाऱ्यांसाठी मंडळाची तीस स्टीलची ताटं काढते. न वाढलेलं, झाकलेलं अन्न नऊच्या आत पँट्रीत पोचवायचं, त्यासाठी गाडी असलेले दोघे हवेत. काकू पहिल्या पाळीला. पाणी पिंपातून, बाटल्या नाहीत.

आणि दादा, रात्री आपला हॉल झाडणारे जे कामगार आहेत त्यांना फराळाचा डबा द्यायचा आहे. ते किती जण असतात आणि किती वाजता येतात, तेवढं कळवा.

– सचिव