दोन लाख किलोमीटर पळालेली आलिशान गाडी स्वस्तात मिळतेय. घ्यावी का?

निळीशाई (मूळ धागा)

गेले तीन आठवडे एकाच गाडीची जाहिरात रोज उघडून बघतेय. १२ वर्षांची जर्मन सेडान, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेली गाडी), आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. रनिंग २,१०,००० किलोमीटर, मालक दुसरा. एका नव्या छोट्या हॅचबॅकच्या पैशात ती दारात येईल आणि वर थोडे उरतीलही.

चालवून आले. दार मिटलं आणि रस्त्याचा गोंगाट बाहेरच राहिला. आठवड्यातून दोनदा मला लांबचा प्रवास असतो, पाठीचं दुखणं जुनं आहे. त्या सीटवर तासभर बसून उतरले तेव्हा पाठ ताठली नव्हती, हे माझ्यासाठी खूप आहे.

भाऊ म्हणतो, पांढरा हत्ती दारात बांधू नकोस. माझं म्हणणं असं, की घसारा, म्हणजे वर्षागणिक उतरणारी किंमत, आधीच्या मालकांनी सोसला, आता फायदा माझा. यात चूक कुठे आहे ते सांगा. जी बाजू असेल ती स्पष्ट मांडा.

हिशेबनीस

तुमचा भाऊ बरोबर आहे. घसारा गाडीला लागतो, तिच्या सुट्या भागांना लागत नाही. हेडलाइट विकणारा तुम्ही गाडी कितीला घेतली ते विचारत नाही, तो नव्या गाडीच्याच भावात देतो. मजुरीचंही तेच. छोट्या गाडीत हाताला सहज येणारा भाग इथे तीन गोष्टी सोडवल्याशिवाय दिसतसुद्धा नाही. काही इंजिनांत टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला असते. ती बदलायची तर बहुतेकदा अख्खं इंजिन उतरवावं लागतं.

मी अशी एक गाडी १४ महिने सांभाळली. आधी कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) प्लॅस्टिकची टाकी तडकली, मग वॉटर पंप गेला, आठव्या महिन्यात गिअरबॉक्सचं इलेक्ट्रॉनिक युनिट. विकली तेव्हा दुरुस्तीचा आकडा खरेदीच्या पुढे गेला होता. पैसे एक वेळ सोडा. रोज सकाळी किल्ली फिरवताना आज कुठला दिवा लागतोय म्हणून धडधडायचं, तो त्रास मी कुणाला सुचवणार नाही.

रस्तावेडा

हिशेबनीस, तुमचा अनुभव मान्य, पण एका गाडीवरून सगळ्यांवर शिक्का मारू नका. किलोमीटर हा दोष नव्हे. १९९६ च्या एका लेक्सस एलएस ४०० ने २०१९ मध्ये १० लाख मैल, म्हणजे सुमारे १६ लाख किलोमीटर पूर्ण केले. ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकाची १९७६ ची मर्सिडीज २४० डी ४६ लाख किलोमीटर पळून २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली.

हमरस्त्यावर एका लयीत पळालेले दोन लाख किलोमीटर आणि गर्दीत दर दोनशे पावलांना ब्रेक मारत काढलेले साठ हजार, यांत मी डोळे झाकून पहिली गाडी उचलेन. इंजिनाची मोठी झीज थंड असताना सुरू करण्यात होते. लांब पळणारी गाडी कमी वेळा थंड सुरू होते.

आणि नव्या छोट्या गाडीचा घसारा का धरत नाही? शोरूमच्या फाटकाबाहेर पडताच तिची किंमत उतरते. तेच पैसे जुन्या गाडीच्या दुरुस्तीला बाजूला ठेवले तर हिशेब इतका एकतर्फी राहत नाही.

हिशेबनीस

उदाहरणं खरी आहेत, पण इथे लागू होत नाहीत. २४० डी म्हणजे चार सिलिंडरचं साधं डिझेल. टर्बो नाही, एअर सस्पेन्शन नाही, दाराच्या हँडलपासून सीटपर्यंत प्रत्येक गोष्टीला कंट्रोल युनिट नाही. निळीशाई जी गाडी बघताहेत तिच्यात हे सगळं आहे. शिवाय नव्या गाडीच्या घसाऱ्याचा आपल्याला अंदाज असतो. दुरुस्तीचं बिल सांगून येत नाही आणि एकदम येतं.

दहाचापाना

२२ वर्षं याच गाड्यांखाली झोपून काम करतोय. दोघांचंही अर्धं खरं आहे. किलोमीटरइतकंच वय बघा, कारण लोखंड किलोमीटरने झिजतं, पण रबर आणि प्लॅस्टिक उभ्या गाडीतही कडक होऊन तडकतं. कूलंटच्या टाक्या, नळ्या, ऑइल फिल्टर हाउसिंगची गॅस्केटं, लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांतली रबरं), इंजिन माउंटिंग. १२ व्या वर्षी यातलं जे बदललेलं नसेल ते तुमच्या नावावर येणार असं धरूनच चाला.

एअर सस्पेन्शनचं विशेष सांगतो. आत रबरी फुगे असतात, त्यांना बारीक चिरा पडतात. हवा हळूहळू निसटते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी जळतो. म्हणजे फुगा वेळेत बदलला नाही की दोन खर्च. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी बघा. एक कोपरा बसलेला दिसला तर समजून जा.

बघायला जाताना विकणाऱ्याला बजावा की इंजिन थंड ठेवा. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत चेनचा खडखडाट किंवा सायलेन्सरमधून निळा धूर येतो, तो गरम इंजिनात लपतो. पार्किंगमधून ड्राइव्हला टाकल्यावर गाडी उशिरा पकडते का, झटका देते का, बघा. स्टिअरिंगचं चामडं, पॅडलचं रबर, ड्रायव्हर सीटची कड मीटरशी जुळते का तेही बघा, मीटर मागे फिरवलेलं असू शकतं.

आणि स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र) लावल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणारे आदल्या दिवशी एरर पुसून टाकतात, डॅशबोर्ड स्वच्छ दिसतो. पण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात. स्कॅनरवर त्या ‘अपूर्ण’ दिसतात. पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली तेही बऱ्याच गाड्या सांगतात.

रस्तावेडा

गिअरबॉक्सचं काय? कंपनी म्हणते ऑइल आयुष्यभराचं. दोन लाखांनंतर बदललं तर गिअरबॉक्स बसतो असंही ऐकलंय.

दहाचापाना

आयुष्यभर म्हणजे कुणाच्या, हे कुणी लिहीत नाही. अशा बऱ्याच गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. बदलल्यावर बसलेले गिअरबॉक्स मीही पाहिलेत. ते आधीपासून घसरत होते म्हणूनच मालक ऑइल बदलायला आला होता, दोष ऑइलवर गेला. वेळेत बदललेल्यांची तक्रार घेऊन माझ्याकडे फारसं कुणी आलेलं नाही. म्हणून विकणाऱ्याकडे इंजिन ऑइलचं नको, गिअरबॉक्सच्या ऑइलचं बिल मागा. ते असेल तर मालकाने गाडी जपलीय.

मागचीसीट

सुरक्षिततेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण २०००च्या दशकापासूनच्या अनेक गाड्यांना लागू होतं, महागड्या जर्मन गाड्यांनाही. उष्णता आणि दमटपणाने आतलं रसायन बिघडतं, एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात, त्यात माणसं दगावली आहेत. जगभर कोट्यवधी एअरबॅग परत मागवल्या गेल्या. दुसऱ्या-तिसऱ्या मालकापर्यंत कंपनीचं पत्र पोचेलच असं नाही. चॅसी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे, आणि बदली फुकट असते. पाठीसाठी गाडी घेताय, जिवाचंही बघा.

हिशेबनीस

हा मुद्दा माझ्याही लक्षात नव्हता. धन्यवाद.

निळीशाई, एकच विचारतो. ही गाडी पंधरा दिवस गॅरेजमध्ये पडली तर तुमचा आठवड्यातला प्रवास कशाने होणार? घरात दुसरी गाडी असेल तर हा शौक परवडेल. नसेल तर माझा ठाम विरोध.

निळीशाई

दुसरी गाडी आहे, भावाची आणि माझी मिळून. त्याच्या विरोधाचं खरं कारण बहुतेक तेच असावं. ही पडली की माझा हात त्याच्या किल्लीकडे जाणार.

काल सकाळी पुन्हा जाऊन आले. थंड ठेवायला सांगितलं होतं तरी बॉनेट कोमट. विकणारे म्हणाले, बाजूला घ्यायला सुरू केली होती. पुढचा डावा कोपरा उजव्यापेक्षा चार बोटं खाली होता, इंजिन सुरू झाल्यावर हळूच वर आला. सोबतच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला. एरर एकही नाही, तपासण्या पाचपैकी चार अपूर्ण, पुसल्यापासून चाललेलं अंतर ३८ किलोमीटर.

रस्तावेडा

बॅटरी काढली तरी बऱ्याच गाड्यांत हे शून्यावर येतं. लगेच चोर ठरवू नका.

निळीशाई

त्यांनीही हेच सांगितलं, बॅटरी नवी घातली म्हणे. बिल मागितलं तर नव्हतं. बॅटरीवरची तारीख तीन वर्षांपूर्वीची. नमस्कार करून निघाले. घरी येईपर्यंत वाईट वाटत होतं, ते खोटं बोलणार नाही. त्या सीटची सवय एका तासात लागली होती.

पण येताना मेकॅनिकने दुसरी सुचवली. तेच मॉडेल, साध्या स्प्रिंगवालं, २,६०,००० किलोमीटर. पहिल्यापासून एकच मालक, बिलांची जाडजूड फाईल. पैसे पहिलीच्या सव्वापट मागताहेत. चॅसी नंबर तपासला, काही बाकी नाही.

हिशेबनीस

पन्नास हजार किलोमीटर जास्त आणि वर सव्वापट पैसे! तरीही दोघींतली हीच बरी, एवढं कबूल करतो. माझं मूळ मत बदललेलं नाही. घेणारच असाल तर किमतीच्या निम्मे पैसे वेगळ्या खात्यात टाका आणि पहिलं वर्ष ते तुमचे नाहीत असं समजा. ते टाकता येत नसतील तर गाडी परवडत नाही.

दहाचापाना

निम्मे जरा जास्त होतात, पण चूक म्हणणार नाही. फाईलमध्ये गिअरबॉक्सच्या ऑइलचं बिल आहे का?

निळीशाई

आहे. दोनदा बदललंय, ९५,००० ला आणि १,९०,००० ला. वॉटर पंप आणि कूलंटची टाकी दोन वर्षांपूर्वीची. बुश मात्र कुठेच दिसत नाहीत.

दहाचापाना

मग बुश तुमच्या नावावर. तेवढे किमतीतून कमी करून मागा, आणि रविवारी जाताना भावालाही न्या.