गोतावळा ग्रुप : चिंगीच्या घरातली ठकठक

शनिवार

चिंगी (रेडिंग), सकाळी ११:४२
(आवाजाची क्लिप, ०:२३)
अण्णा, जरा ऐका हे. परवापासून हीटिंग सुरू केलंय. पहाटे सहाला कुणीतरी जमिनीखालून नखानं फळी वाजवतंय असं वाटतं. मग वरच्या खोलीत पोटात गुडगुडल्यासारखं होतं. आणि स्वयंपाकघरातला बॉयलर चहाचं आधण ठेवल्यासारखा कण्हतोय. बाळ दोनदा दचकून उठलं.

मावशी
जुनं घर आहे ना गं तुमचं? एक नारळ ओवाळून टाक.

चिंगी
शंभर वर्षांपूर्वीचं आहे मावशी, पण इथं सगळी गल्लीच तसली आहे. लाल विटांची, एकाला एक चिकटलेली घरं.

पिंट्या (न्यूयॉर्क)
इंग्लंडातली भुतं नारळाला भीत नाहीत मावशी. इथं रात्रीचा दीड वाजलाय आणि मीही आवाजानंच जागा आहे. माझं नंतर सांगतो.

अण्णा, ११:५८
क्लिप ऐकली. बाळाचं रडणं तेवढं स्पष्ट आहे. तीन आवाज आहेत तर तीन क्लिपा पाठव. मोठा आवाज की बारका ते राहू दे, कधी येतो ते लिही. आणि बॉयलर किती किलोचा?

चिंगी
वजन? भिंतीला टांगलाय, असेल तीसेक किलो.

अण्णा
वजन नव्हे गं, प्रेशर.

चिंगी
काटा १.२ बारवर आहे.

अण्णा
सव्वा?? कारखान्यात आमचा ४५ किलोचा होता. आणि पाणी उकळतंय किती अंशाला?

जावईबापू
अण्णा, उकळतच नाही. पाणी साधारण ७० अंशांपर्यंत तापतं, पंपानं सगळ्या खोल्यांतल्या रेडिएटरांतून फिरतं आणि परत बॉयलरमध्ये येतं. वाफ नाहीच.

अण्णा
मग बॉयलर कशाला म्हणता त्याला? बंब म्हणा की.

आक्का
बंबाला नावं ठेवू नका. ३० वर्षं घरच्या सगळ्यांच्या अंघोळी त्याच्यावर झाल्या, कधी कण्हला नाही. तुमचा तो गिझर मात्र दोन वर्षं तडतडतोय.

अण्णा
ते नंतर. चिंगे, क्लिपा.

चिंगी, दुपारी १२:३१
(आवाजाची क्लिप, ०:१७) हा जमिनीखालचा. हीटिंग लागल्यावर वीसेक मिनिटं येतो, मग बंद. हीटिंग बंद केलं की पुन्हा दहा मिनिटं.
(आवाजाची क्लिप, ०:११) हा वरच्या खोलीतला.
(आवाजाची क्लिप, ०:३०) हा बॉयलरचा.

अण्णा, १:०५
जेवण झालं, आता नीट सांगतो.

पहिला आवाज सोडून दे. तापताना आणि निवताना असा दोन्ही वेळा येतोय, म्हणजे धातू लांब होतोय नि आखडतोय. तुमच्याकडं तांब्याचे पाइप असणार. पाच मीटरचा तांब्याचा पाइप २० अंशांवरून ७० वर गेला तर चार मिलिमीटरच्या वर लांबतो. त्याला सरकायला जागा नसली, तुळईच्या खाचेत घट्ट बसवलेला असला, की तो अडतो, ताणतो नि एकदम सुटतो. टक्. पुन्हा अडतो, पुन्हा टक्. आमच्या स्टीमच्या लाइनीला म्हणून मुद्दाम इंग्रजी यूच्या आकाराचा वळसा दिलेला असायचा, पाइपला अंग मोडायला. घरात तेवढी जागा कोण देणार? वाईट काही नाही. झोपमोड तेवढी होते.

चिंगी
म्हणजे काहीच करायचं नाही?

अण्णा
फळ्या उचलून पाइपखाली नमद्याची पट्टी घालता येते. भाड्याच्या घरात फळ्या उचलू नको. पाण्याचं तापमान कमी करता येतं का बघ, पाइप कमी लांबेल.

जावईबापू
येतं. समोर रेडिएटरच्या चित्राचं बटण आहे, ७५ वर आहे. ६० करतो. हा कंडेन्सिंग प्रकारचा बॉयलर आहे, परतीचं पाणी ५५ अंशांच्या खाली असलं तरच धुरातल्या वाफेची उष्णता वसूल होते म्हणे. म्हणजे गॅसही वाचेल.

अण्णा
बघा, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती.

पण ६० करून खोली तापायला वेळ लागेल, हीटिंग अर्धा तास आधी लावा. आता दुसरा. चिंगे, वरच्या रेडिएटरला हात लाव. वरून गार नि खालून गरम का?

चिंगी
हो! अगदी तसंच आहे.

अण्णा
हवा अडकलीय. पाणी तिच्याखालून जाताना गुडगुडतंय. उलटं असतं, म्हणजे खालून गार नि वरून गरम, तर बुडाशी गाळ बसलाय म्हणालो असतो. हवा काढायला बारकी चौकोनी किल्ली असते.

पिंट्या
रेडिएटर की. दुकानात सहज मिळते.

अण्णा
हीटिंग बंद करून पाणी निवू दे. मग जुनं फडकं धर नि रेडिएटरच्या वरच्या कडेचा स्क्रू अर्धा आटा सैल कर, पूर्ण काढायचा नाही. फुस्स होईल, हवा जाईल, पाण्याची धार आली की लगेच आवळ. हवा गेली की प्रेशरचा काटा खाली येणार, घाबरू नको.

चिंगी
मग पाणी भरायचं ना? ते येतं मला. बॉयलरखाली जाळीदार नळी आहे, तिचे दोन नळ उघडले की काटा वर चढतो. दर रविवारी भरते मी.

अण्णा
दर रविवारी???

चिंगी
हो. एजंट म्हणाला, काटा एकच्या खाली गेला की भरा, नॉर्मल आहे.

अण्णा, १:२८
नॉर्मल कसलं बोडक्याचं. बंद फेऱ्यातलं पाणी आहे, तेच तेच फिरायला पाहिजे. आठवड्याला भरावं लागतंय म्हणजे आठवड्याला तेवढं कुठंतरी जातंय. कुठं जातंय?

मावशी
(फॉरवर्ड केलेला संदेश) गिझरचा आवाज बंद करण्याचा रामबाण उपाय! दोन वाट्या व्हिनेगर आणि एक चमचा खाण्याचा सोडा...

अण्णा
ताई, हात जोडतो. व्हिनेगर नि सोडा एकत्र केलं की नुसता फेस होतो, दोघांचीही ताकद जाते. चहाच्या किटलीत लिंबूसत्त्व घालून उकळ, चालेल. बॉयलरमध्ये घरातलं काहीही ओतायचं नाही.

मावशी
बरं बाई. डिलीट करते.

अण्णा
आता तिसरा. चिंगे, कण्हण्याचा आवाज गरम पाण्याचा नळ सोडल्यावर येतो, का हीटिंग चालू असताना?

चिंगी
हीटिंगला. नळ सोडल्यावर नाही येत.

अण्णा
आणि किटलीत पांढरं बसतंय का?

चिंगी
पापुद्रेच्या पापुद्रे. इथलं पाणी खडूच्या थरातून येतं, फार जड आहे. केससुद्धा राठ झालेत माझे.

अण्णा, १:५०
मग जुळलं. पातेल्याच्या बुडाशी दूध धरलं की काय होतं? वरचं गार, खालचं खदखदतंय. तापणाऱ्या पत्र्यावर क्षाराची खपली बसली की पाण्यापर्यंत उष्णता नीट पोचत नाही, पत्रा जास्त तापतो नि तिथल्या तिथं वाफेचे बुडबुडे होतात. ते गार पाण्यात गेले की मिटतात. त्या फुटण्या-मिटण्याचा तो आवाज. खपलीऐवजी गाळ बसला तरी असंच ऐकू येतं.

आता दर रविवारचं पाणी बघ. एकदा भरलेल्या पाण्यातला क्षार एकदाच बसतो, संपतो. तू दर आठवड्याला जड पाण्याचा नवा घोट पाजतीस. त्याच्याबरोबर ताजा ऑक्सिजन जातो, आतलं लोखंड गंजतं, काळा गाळ होतो. हवाही तिथूनच जातेय. म्हणजे गुडगुड नि कण्हणं हे दोन आजार नव्हेत. एकाच गळतीची दोन पोरं.

कारखान्यात बॉयलरचं पाणी आधी मऊ करून घ्यायचो, शिफ्टमध्ये चारदा तपासायचो. हंगाम संपला की आत उतरून खपली खरवडायला लागायची. एकदा उतरलेला माणूस पाण्याची हयगय करत नाही.

पिंट्या
अण्णा, तुम्ही यूट्यूब चॅनेल काढा.

अण्णा
झोप तू. चिंगे, कोरडा टिश्यूपेपर घे नि प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या नळांभोवती दाबून बघ. ओला झाला तर तिथं. पितळेवर हिरवट चट्टा दिसला तरी तिथंच.

जावईबापू
मी बघतो. नऊ रेडिएटर आहेत.

आक्का
आधी त्यांना नाश्ता करू द्या. साडेआठ वाजलेत तिथं.

जावईबापू, ३:१६
(फोटो)
सापडलं! बाळाच्या पाळण्यामागचा. गालिच्याखालची फळी ओली होऊन काळी पडलीय. आम्हाला वाटायचं पाळण्याजवळ दमट वास दुपट्यांचा येतो.

आक्का
अगं बाई! पाळणा आधी दुसऱ्या खोलीत ने.

चिंगी
नेला, काकू.

अण्णा
नळाची नट जोरात आवळायला जाऊ नका. जुना नळ असतो, मोडला तर घर काळ्या पाण्यानं भरेल. खाली वाडगा ठेवा, मालकाला फोटो पाठवा. आणि बॉयलरचं झाकण तुम्ही उघडायचं नाही. गॅसचं काम आहे.

जावईबापू
नाहीच उघडणार. इथं गॅसच्या कामाला गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असलेलाच माणूस लागतो, आल्यावर त्याचं कार्ड बघायचं. मालकानं दर वर्षी तपासणी करून घ्यायची असते. आणि १९८५च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११ प्रमाणे हीटिंगची दुरुस्ती मालकाकडेच. तारीख घालून ईमेल टाकलाय, फोनवर बोलत बसलो नाही.

पिंट्या
कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म आहे का रे तिथं? त्या वायूला वासच नसतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि घराबाहेर पडलं की बरं वाटतं.

चिंगी
आहे. २०२२च्या ऑक्टोबरपासून मालकांना लावावाच लागतो. आत्ता बटण दाबून बघितलं, किंचाळला. बाळ पुन्हा उठलं.

जावईबापू
आणि गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही. खिडक्या उघडून बाहेर पडायचं आणि ०८०० १११ ९९९ वर फोन. फ्रिजवर लिहून ठेवलाय.

गुरुवार

चिंगी, रात्री ८:०५
माणूस येऊन गेला. गळका नळ बदलला. रेडिएटरातून पाणी काढलं तर शाईसारखं काळं! चुंबक धरला तर गाळ त्याला चिकटला. आतून साफ करायचं औषध घालून फिरवलं, सगळं पाणी बदललं, गंज न धरायचं औषध घातलं आणि परतीच्या पाइपवर चुंबकाचा फिल्टर बसवला. चार तास लागले. म्हणाला, आणखी एक हिवाळा असाच काढला असता तर आतला उष्णतेचा भाग बदलावा लागला असता.
(आवाजाची क्लिप, ०:१५) हा आत्ताचा बॉयलर.

अण्णा
पंप नि पंखा ऐकू येतोय. एवढा येणारच. काटा?

चिंगी
१.३. आता रविवारी नुसती बघणार, भरणार नाही. आणि अण्णा, एजंटचं उत्तर आलं : "आवाज कमी झाल्याचे वाचून आनंद झाला."

पिंट्या
आता माझं घ्या. माझ्याकडं पहाटे कुणीतरी पाइपवर घण घालतं. टकटक नाही, धडाम धडाम. इमारतीच्या तळघरात बॉयलर आहे, आणि रेडिएटरच्या कडेला एक बारकं बोंडूक फुसफुसतं.

अण्णा, ८:२१
फुसफुसतं? वाफ आहे का रे ती?

पिंट्या
वाफच. नव्वद वर्षांपूर्वीची इमारत. रेडिएटरला एकच पाइप आलाय.

अण्णा
अरे मग हा खरा बॉयलर! सांगायचं नाही का आधी! एकाच पाइपमधून वाफ वर येते नि तिचंच पाणी होऊन खाली परत जातं. वाटेत पाणी साचलं की वाफ त्याला तोफेच्या गोळ्यासारखं ढकलते, ते वळणावर आदळतं. त्याला वॉटर हॅमर म्हणतात. आमच्याकडं यानं लाइनीचे फ्लँज, म्हणजे पाइपाला पाइप जोडायच्या बोल्टवाल्या कडा, सुटलेले मी बघितलेत. रेडिएटरचा व्हॉल्व्ह किती उघडा आहे?

पिंट्या
अर्धा. खोली फार तापते म्हणून.

अण्णा
तिथंच चुकतोय. पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद. अर्ध्यातून वाफ आत शिरते, पाण्याला बाहेर यायला वाट उरत नाही. आणि रेडिएटरवर पाणसळ ठेवून बघ. व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित उतार पाहिजे. जुनी जमीन खचली की उतार उलटा होतो.

पिंट्या
पाणसळ कुठली, मोबाइलवर बघितलं. उतार उलटाच आहे.

अण्णा
पलीकडच्या पायांखाली लाकडाच्या चकत्या घाल. निवल्यावर. एकट्यानं उचलू नको, बिडाचा असणार.

पिंट्या
घरमालकाला सांगू?

अण्णा
सांगच. पण चकत्या आज घाल.

पिंट्या
इथं १ ऑक्टोबर ते ३१ मे घर गरम ठेवायची मालकावर सक्तीच आहे. दिवसा बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं तर आत ६८ पाहिजे, रात्री काहीही झालं तरी ६२. आवाज किती चालेल ते मात्र या नियमात नाही.

शुक्रवार

पिंट्या, सायंकाळी ५:४०
झोपलो!!! सलग सात तास. एकदाच धडाम झालं, ते शेजाऱ्याच्या घरात. त्यालाही चकत्या नेऊन दिल्या.

चिंगी
आमच्याकडं टकटक आहे अजून, पण ६० केल्यापासून बारीक. बाळ आता ती ऐकून उठत नाही. बंद पडली की उठतं.

आक्का, ७:१०
(फोटो)
आपल्या गिझरची कॉइल. प्लंबरला मीच बोलावला दुपारी. बोअरच्या पाण्यानं हाताच्या अंगठ्याएवढा पांढरा थर बसला होता, आणि आत कसलासा रॉड असतो तो झिजून नुसती तार राहिली होती.

अण्णा
मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड. टाकी गंजू नये म्हणून आपण झिजतो. वर्षाला बघावा लागतो.

आक्का
हे तुम्हाला माहीत होतं?

मावशी
😄

चिंगी
अण्णा टाइप करतायत असं पाच मिनिटं दिसतंय.

अण्णा
प्लंबरनं किती घेतले?