कचरा डेपोच्या पाहणीला साहेब येणार, नेमकं काय दाखवू?

बांधावरचा (उत्तर सोलापूर)
आमचं रान कचरा डेपोच्या खालच्या अंगाला आहे, मध्ये फक्त ओढा. कुणाचा डेपो ते लिहीत नाही, उगं भांडण नको. पुढच्या आठवड्यात पाहणीचं पथक येणार असं सरपंच म्हणाले. मागच्या खेपेला आले, वजनकाट्यापाशी थांबले, रजिस्टर बघितलं, चहा घेतला, गेले. विहिरीचं पाणी पिवळसर झालंय, मोटार चालू केली की पाटात फेस येतो, म्हैस तोंड लावत नाही. यंदा काय दाखवू?

नमुनेवाला
पाण्याच्या लॅबमध्येच सारी नोकरी केली मी, म्हणून सांगतो. फेस दाखवा, म्हशीचंही सांगा, पण कागदावर ते टिकत नाही. आपल्याकडं बोअरचं पाणी तसंही जड आणि खारट. नुसता तुमच्या विहिरीचा रिपोर्ट पुढं केला तर समोरचा म्हणणार, सोलापूरचं पाणीच असलं ओ. झालं, विषय संपला.

म्हणून दोन नमुने घ्यायला लावा. एक डेपोच्या वरच्या अंगाच्या विहिरीचा, एक तुमचा, एकाच दिवशी. दोन्हीत क्लोराइड (मिठातला घटक, कचऱ्यातनं झिरपणाऱ्या पाण्यातही असतो) बघायला सांगा. ते कुजत नाही, मातीत अडकत नाही, पाणी जाईल तिथवर जातं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर 1000 पर्यंत चालवून घेतात. पण तुमच्या कामाचा आकडा म्हणजे वरच्या-खालच्या विहिरीतला फरक. जवळ गोठा किंवा शोषखड्डा असेल तर तोही सांगून टाका. त्यानंही क्लोराइड आणि नायट्रेट वाढतं, लपवलंत तर तुमचीच बाजू लंगडी.

खाली काळा पाषाण आहे हेही ध्यानात ठेवा. त्यात पाणी सरळ जात नाही, फटी धरून जातं. डेपोला चिकटलेली विहीर चांगली आणि लांबची बाद, असं होतं. तेव्हा "शेजाऱ्याचं पाणी बघा की, झकास आहे" यावर गप्प बसू नका.

आणि आत्ता वैशाखात ओढा कोरडा, सगळं गोड दिसणार. आपल्याकडं जोराचा पाऊस उत्तरा-हस्तात येतो, कचऱ्यातलं काळं पाणी तेव्हा वाहतं. 2026 पर्यंत लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा नियमांतच होतं, कचराभूमीच्या हद्दीपासून 50 मीटरच्या आतलं भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासायचं. तिन्ही रिपोर्ट मागा.

बांधावरचा
मी आधीच एक बाटली भरून देऊ का लॅबला? कोल्ड्रिंकची मोकळी आहे घरात.

नमुनेवाला
ती नको, साखर राहते. लॅबचीच बाटली आणा. बोअर असेल तर मोटार थोडा वेळ चालू द्या, पाइपातलं शिळं पाणी जाऊ द्या. त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळा, काठोकाठ भरा, तारीख-वेळ लिहा, बर्फात घालून त्याच दिवशी पोचवा. पण हा रिपोर्ट तुमच्या माहितीपुरता. कारवाईला लागणारा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानंच घेतलेला पाहिजे.

दहाचा स्टॅम्प
रिपोर्ट तोंडी मागून मिळत नाहीत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि माहिती अधिकारात अर्ज टाका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि तोही 150 शब्दांत, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो. गाऱ्हाणं लिहीत बसू नका. "भूजल तपासणीचे मागील तीन वर्षांचे अहवाल" एवढंच लिहा. फाइल समक्ष बघायचीय असंही लिहा, पहिला तास फुकट असतो. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर अपील, त्याला वीसचा स्टॅम्प.

बांधावरचा
अर्ज उद्याच टाकतो. फक्त वरच्या अंगाची विहीर माझ्या चुलत्याची आहे. वाटणीवरनं बोलणं बंद आहे.

नमुनेवाला
मग सरपंचांना पाठवा विचारायला. आणि त्या दिवशी तुम्ही बाटलीला हात लावू नका, लांब उभं राहा.