लेंडलकडून मरेला नेमके काय मिळाले?
थोर खेळाडूला खेळ उपजत येत असल्यामुळे तो दुसऱ्याला शिकवू शकत नाही, हे मत मला बऱ्याच अंशी पटते. परंतु त्याचे उदाहरण म्हणून, एके काळचा थोर टेनिसपटू आणि पुढे टेनिसपटू अँडी मरेचा प्रशिक्षक झालेल्या इव्हान लेंडलचे नाव घेणे हा त्याच्यावर अन्याय आहे. ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा) एकेरीचे आपले पहिले चारही अंतिम सामने तो हरला होता आणि १९८४ च्या फ्रेंच ओपनमध्ये मॅकेन्रोविरुद्ध पहिले दोन सेट गमावल्यानंतर त्याने आपला पाचवा अंतिम सामना जिंकला. अँडी मरेही असेच चार अंतिम सामने हरला, त्यांपैकी चौथा, २०१२ च्या विम्बल्डनचा, तर लेंडल प्रशिक्षक असतानाच. आणि त्याच वर्षीच्या अमेरिकन ओपनमध्ये पाचव्या प्रयत्नात त्याला यश आले.

त्या काळी सामना चालू असताना प्रशिक्षकाने खेळाडूला सूचना देण्यास मनाई होती, त्यामुळे जे सांगायचे ते आधीच सांगून ठेवावे लागे. अशा वेळी चार पराभव पचवून उभा राहिलेला माणूस समोर बसलेला असणे, हाच माझ्या मते मरेचा मोठा आधार होता. २०१३ मध्ये मरेने जिंकलेले विम्बल्डन लेंडलला स्वतःला कधीच जिंकता आले नव्हते. १९८६ आणि १९८७ मध्ये तो तिथे अंतिम फेरीत हरला होता.